आमची वाटचाल : लुनापासून डोंग्याच्या मोटरीपर्यंत

आमच्या दुकानावरची पाटी अजून जुनीच आहे : 'मोटरसायकल व फवारणी पंप दुरुस्ती'. ती रंगवली तेव्हा पवनी तालुक्यात कुणी आपल्याकडे बोटीचं इंजिन खांद्यावर घेऊन येईल, असं वाटलंच नव्हतं. लुना, राजदूत, आरएक्स हंड्रेड, एवढीच आमची दुनिया. पण त्या सगळ्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या. डोंग्याच्या जुन्या मोटरीही तशाच, म्हणून पुढे तेच कामी आलं.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. पाणी अडायला त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. अडलं तेव्हा शेतं बुडाली, गावं उठली, तो विषय वेगळा आणि मोठा. वैनगंगेत बांबूनं डोंगा रेटणाऱ्या ढीवर मासेमार भावांपुढे मात्र एकदम अफाट पाणी आलं. बांबू तळाला लागेना, वल्हं मारत जाळ्यापर्यंत जाईस्तोवर ऊन डोक्यावर. मग कोकणातून, कुठून कुठून जुन्या मोटरी यायला लागल्या.

पहिली आली ती १५ एचपीची, दोन सिलिंडरची. मालक म्हणाला, "भाऊ, धावते तं मस्त धावते. हळू केली का बंद." मी आयडलचा, म्हणजे मोटर हळू असतानाचा वेग ठरवणारा, स्क्रू पाऊण फेरा आत घेतला, मोटर टिकली, ५० रुपये घेतले. पंधरवड्यात ती परत. आता गिअरच धरत नव्हती. आयडल वाढलेली असताना गिअर टाकला की दर वेळी खडाक्‌. गिअर धरून ठेवणाऱ्या, आधीच झिजलेल्या क्लच डॉगचे दात त्यात पार गोल झाले. सामान मुंबईहून मागवलं, पदरच्या पैशानं. मालकाला दुसरा दुकानदार माहीत नव्हता म्हणून तो टिकला, एरवी तिथंच आमचं बोटीचं खातं बंद झालं असतं.

मूळ दोष होता कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात. मोटर जोरात असते तेव्हा पेट्रोल मोठ्या जेटमधून येतं. हळू केली की थ्रॉटलची झडप मिटते आणि सगळी मदार त्या केसाएवढ्या छिद्रावर. उन्हाळाभर पडलेल्या पेट्रोलचा चिकटा नेमका तिथे बसतो. स्क्रू आवळल्यानं झडप थोडी उघडते आणि दोष झाकला जातो, एवढंच.

त्या दिवसापासून दुकानात नियम झाला : कारण सापडल्याशिवाय आयडलच्या स्क्रूला हात लावायचा नाही. बायकोनं एक वही घातली. मोटर आली कशी, तक्रार काय, निघालं काय. आज एखादी मोटर अडली की मी आधी ती वही उघडतो.

कार्बोरेटर खोलायच्या आधी आम्ही टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघतो. तो बंद राहिलेला असला तर टाकीत हवा शिरत नाही आणि थोड्या वेळानं पेट्रोल थांबतं. हसू नका, वहीत अशा नोंदी आहेत. मग मोटर चालू ठेवून पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबायचा. मरायला टेकलेली मोटर त्यानं सावरली तर पंपाचा पडदा गेलाय किंवा नळी हवा ओढतेय. चोक जरासा ओढल्यावर सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. मग जेट काढून साफ. त्यात तार घालायची नाही, छिद्र मोठं होतं. सफाईचा फवारा आणि हवा, बस. कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू पुस्तकात दिला असेल तितकाच उघडायचा.

एवढं करूनही बंद पडत असेल तर प्लग. जाळं टाकताना मोटर तासन्‌तास हळू चालते, आणि ऑइल अंदाजपंचे ओतलेलं. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल सांगितलं तरी 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून डबल टाकतात. प्लग काळे ओले होतात आणि एक सिलिंडर गप्प बसतं. दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजतो, फरक मोठा असेल तर ग्राहकाला खर्चाचा आकडा आधी सांगतो. खाऱ्या पाण्यातून आलेल्या मोटरींत अर्थिंगची टोकं हिरवी पडलेली असतात, तिकडेही बघावं लागतं. रीडची, म्हणजे कार्बोरेटरमागच्या एकेरी झडपेची, पाती तुटली असेल तर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा उलटा बाहेर येतो.

दुसरा धडा पिंपाचा. दुकानामागे पाण्याच्या पिंपात मोटर लावून आयडल इतकी सुरेख जमवली होती की मीच कौतुकानं ऐकत उभा. धरणावर गिअर टाकताच बंद. पिंपात मोटर न्यूट्रलवर असते, पंख्यावर भार नसतो, शिवाय तिचाच धूर कोंडतो. आता शेवटची आयडल डोंग्यावर, गिअरमध्ये टाकूनच लावतो. त्यासाठी पोराला जावं लागतं. तो कटकट करतो, पण त्याला मासे मिळतात.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या हातच्या मोटरी रात्रंदिवस माणसं काढत होत्या. एका कार्यालयाच्या दोन मोटरी आम्ही त्याच आठवड्यात उभ्या केल्या. बिल मिळायला दोन पोळे गेले.

अलीकडे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं काम वाढवलंय. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते. जुने रबरी पडदे आणि नळ्या त्यात फुगतात, मऊ पडतात. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर आम्ही प्रत्येक मोटरीला सुचवतो. दहातले चार जण घेतात, उरलेले श्रावणानंतर येतात.

आंभोऱ्याला वैनगंगेवर पूल झाला तेव्हा वाटलं, नावाड्यांचं काम आटलं म्हणजे आपलंही आटणार. तसं झालं नाही. आज पिंपात एक २५ एचपीची लागलीय. मालक सकाळपासून बाकावर बसून आहे, दोनदा म्हणाला, "भाऊ, थोडी आयडल वाढवून द्या ना, जाऊ द्या." बायकोनं त्याला चहा दिलाय. जेट अजून फवाऱ्यात भिजतंय.