टीसीपीकडे हरकत नोंदवताना

गोव्याच्या नगरनियोजन खात्याला आम्ही टीसीपी म्हणतो. त्याच्या कायद्यातल्या, जमिनीचा झोन म्हणजे ठरवलेला वापर बदलू देणाऱ्या कलम ३९अवरून आमच्या चहाच्या दुकानात रोज भांडण. वाद पक्षावरून सुरू व्हायचा आणि पक्षावरच संपायचा. २०२५ साली राजपत्रातल्या एका सूचनेत आमच्याच पेडण्यातल्या गावाचा सर्व्हे नंबर दिसला आणि हरकत घ्यायला तीस दिवस आहेत हे कळलं, तेव्हा कुठं बोलणं ताळ्यावर आलं.

कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आलं, २०२४ मध्ये ३९अ. प्रादेशिक आराखडा २०२१ ने जमिनीला जो झोन दिला, तो मालकाच्या अर्जावरून बदलून घेण्याची वाट दोन्हींमुळे मोकळी झाली. १७(२)ला निदान ‘आराखड्यातली चूक दुरुस्त करणं’ असं सोज्वळ नाव होतं. त्याचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ३९अ मात्र तेव्हा तसंच राहिलं.

खरी मेहनत पडली ती जागा ओळखण्यात. सूचनेत सर्व्हे नंबर, चौरस मीटर, आजचा झोन आणि मागितलेला झोन, एवढंच. गावात जमिनीला नंबराने कोण ओळखतं? भाटाला, म्हणजे बागायतीच्या जमिनीला, नाव असतं, मेरेला, म्हणजे हद्दीला, आंब्याची खूण असते. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा उतारा मोबाईलवर उघडला, मालकाच्या रकान्यात कंपनीचं नाव निघालं. ते वाचून काहीच उलगडेना. मग सर्व्हेचा नकाशा छापून आणला, आराखड्यातल्या गावाच्या नकाशाशेजारी ठेवला आणि एका म्हाताऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी ओहोळाच्या वळणावर बोट ठेवलं. ‘ही झरीच्या वरची काजूची भाटं. खालची शेतं याच पाण्यावर.’ उपग्रहाचं चित्र आम्ही नंतर पाहिलं.

आराखड्यात पंचवीस टक्क्यांहून जास्त उतारावर बांधकामाला मनाई आहे. म्हणजे शंभर मीटर आडवं जाताना पंचवीस मीटरहून जास्त चढ. आमचा चढ किती, यावर दुकानात दोन दिवस खडाजंगी. मोबाईलवरचं अ‍ॅप दर वेळी वेगळा आकडा दाखवायचं. शेवटी समोच्च रेषांचा नकाशा मिळवून हिशेब केला. भाटाचा वरचा भाग मर्यादेच्या पार गेला.

मसुदा शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने एआयकडून लिहून घेतला. इंग्रजी झकास, आणि त्यात एका निकालाचा दाखलाही. ओळखीच्या वकीलबाईंनी शोधलं तर तसा खटलाच नाही. ‘बघ, तुझं यंत्र थापा मारतं,’ म्हणून काका मंडळी खूश. पोरगाही कमी नाही. ‘काका, तुम्ही इथं रोज सांगता त्यातल्या कितींचा दाखला सापडतो?’ शेवटी साध्या मराठीत दीड पान लिहिलं: झरी, ओहोळ, चढ, खालची शेतं, आणि नकाशे जोडले. मुख्यमंत्री, आमदार, पक्ष यांच्यावरचा परिच्छेद मी खोडला. त्यावरून एकजण माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

सह्या गोळा करताना मात्र एका माणसापाशी थांबावं लागलं. त्याची जमीन थोडकी, तीही ऑर्चर्ड म्हणजे बागायतीच्या झोनमध्ये. फार्महाऊस बांधायचं तर चार हजार चौरस मीटरचा तुकडा हवा. तेवढा त्याच्याकडे नाही. मुलगा लग्नाचा झालाय, जुन्या घरात चार बिऱ्हाडं. ‘कंपनीचा झोन अडवशील, पण मी घर कुठं बांधू? माझ्यासाठी तरी हे कलम राहू दे,’ तो म्हणाला. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. कंपनीच्या डोंगराला आणि याच्या खोलीभर जागेला एकच दार, हाच मला या कायद्यातला सगळ्यात वाईट भाग वाटतो. चार खोल्यांसाठी वेगळा, सोपा नियम करता आला असता. तो का नाही केला, याचं उत्तर दुकानातल्या एकाही पक्षवाल्याने दिलेलं नाही.

पणजीला हरकत दिली. दोन प्रती न्याव्यात. आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. रविवारच्या ग्रामसभेतही विषय मांडला, ठराव इतिवृत्तात नीट उतरला का ते मागून पाहिलं.

त्या माणसाने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःचा एक-चौदा घेऊन आला, ‘एवढा जरा वाचून दे.’