टोपीवाला कुठे आहे बे?

ताईचा पोट्टा यंदा मे महिन्यात पुण्याहून आला तेव्हा बाहेर 45 डिग्री होतं, घरात एकच मोठा कूलर, त्यात दर दोन तासांनी आई पाण्याचा पाइप सोडून बसायची, आणि सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत पोराला गेटच्या बाहेर पाय टाकू द्यायचा नाही असा तिचा हुकूम. पुण्याचं पोरगं, त्याला नागपूरचं ऊन म्हणजे काय हे एकदा चप्पल न घालता गच्चीवर गेल्यावर कळलं. मग मामाने, म्हणजे मी, कपाटातून सेकंडहँड घेतलेला स्विच, निन्टेंडोचा गेम कन्सोल, काढला आणि सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट हा मारामारीचा गेम लावला. मी आधी दुसऱ्या प्रोफाइलवर खेळायचो, त्याच्यासाठी नवीन प्रोफाइल बनवलं, म्हणजे सगळं शून्यापासून.

स्क्रीनवर मोजून 8 चेहरे. मारिओ, डाँकी काँग, लिंक, सॅमस, योशी, कर्बी, फॉक्स, पिकाचू. झालं.

"मामा, आठच? कव्हरवर तर किती आहेत."

"बाकीचे लॉक आहेत."

"का पण? आपण तर विकत घेतलाय ना गेम."

प्रश्न बरोबर होता, उत्तर मला लगेच सुचलं नाही. हे आठ म्हणजे 1999 च्या पहिल्या स्मॅशमधले सुरुवातीचे आठ, तेव्हा त्यांच्यामागे फक्त चार लपलेले होते, लुईजी, नेस, कॅप्टन फाल्कन आणि जिग्लीपफ, एकूण 12. 2018 च्या डिसेंबरमध्ये अल्टिमेट आला तेव्हा गेम बनवणाऱ्या साकुराईने आधीच्या सगळ्या स्मॅशमधला एकूण एक जण परत आणला, त्यात सेगाचा सॉनिक, कॅपकॉमचा र्‍यू, कोनामीचा स्नेक, सगळ्या कंपन्यांची वरात, आणि नंतरचे विकतचे धरले तर आकडा 89 वर जातो. पण सुरुवात त्या आठांपासूनच. मला ते आवडतं. पोट्ट्याला नाही आवडलं.

उघडायचे रस्ते तीन. एक, साध्या मॅच खेळत राहा, थोड्या थोड्या वेळाने मेनूवर परत येताना स्क्रीन काळी होते आणि नवा कोणीतरी सावलीसारखा समोर उभा राहतो, त्याला हरवलं की तो तुमचा. पहिला नेस येतो, मग झेल्डा. हरलात तर तो जात नाही, मेनूत एक दार येतं, चॅलेंजर्स अप्रोच म्हणून, तिथे मग नंतर परत प्रयत्न करायचा. दोन, क्लासिक मोड. तीन, वर्ल्ड ऑफ लाइट, म्हणजे गोष्टवाला मोड, त्यात सुरुवातीलाच सगळे नाहीसे होतात आणि एकटा कर्बी पळून वाचतो, मग बाकीच्यांना नकाशावर शोधून सोडवत फिरायचं. तिसरा रस्ता लय लांबचा आहे, त्यात स्पिरिट नावाचा प्रकार, हजाराच्या वर स्पिरिट, प्रत्येकाची वेगळी लढाई, कधी जमीन जळते, कधी वारा मागे ढकलतो, जिंकलं की स्पिरिट तुमचा. मला स्पिरिटचा चौथ्या दिवशी कंटाळा आला हे प्रामाणिकपणे सांगतो. लोकांना आवडतं, आवडू दे.

क्लासिक मोड मात्र खरा माल. आधीच्या स्मॅशमध्ये क्लासिकचा रस्ता सगळ्यांना साधारण सारखाच असायचा, इथे प्रत्येकाला वेगळा काढून दिलाय. मारिओ घेतला तर शेवटी बाउझर आणि मग त्याचा तो अक्राळविक्राळ गिगा अवतार, सायमन घेतला तर ड्रॅक्युला, र्‍यू घेतला तर नेहमीची रिंगणाबाहेर फेकाफेकी बंद, स्ट्रीट फायटरसारखी समोरच्याची एनर्जी संपवायची. अवघडपणा 9.9 पर्यंत चढतो, चांगलं खेळलात तर आपोआप वर सरकतो, आपटलात की खाली. आणि कोणाला घेऊन मोड पूर्ण केला त्यावर पुढचा कोण उघडणार ते ठरलेलं. मारिओने केला की सॉनिक येतो. पोराने पहिल्याच दिवशी मारिओने केला, सॉनिक आला, हरला, परत लढला, परत हरला, रिमोट सोफ्यावर आपटला, आईने आतून "काय फोडलं रे?" विचारलं, आणि चौथ्यांदा तो जिंकला तेव्हा घामाघूम. त्या दिवसापासून तो सॉनिकच घेतो, अजूनही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा झालो, उठून बघतो तर याच्याकडे एकदम पंधरा-सोळा नवीन चेहरे. यूट्यूबवर बघितलं म्हणे. एका जिवाची मॅच खेळायची, मैदानाबाहेर उडी मारून संपवायची, नवा आला की त्याला हरवायचं, मग गेम पूर्ण बंद करून परत चालू करायचा, की थांबायची वेळच नाही, पुढचा लगेच हजर. बसून बसून असेंब्ली लाइन चालवली पोट्ट्याने.

मी म्हटलं, "ही काय मजा झाली का बे?"

"मामा, मजा नाही, पण झालं ना काम."

मी तोंड उघडलं आणि परत बंद केलं, कारण मला आलूबोंडा आठवला.

झालं असं की मी आठवीत, 1999 चा उन्हाळा, म्हणजे जपानात पहिला स्मॅश आला तेच वर्ष, मला त्याचा पत्ताही नव्हता. आमचं जग म्हणजे बर्डीच्या एका बोळीतलं व्हिडिओ गेम पार्लर, चार मशिनी, एक बंद पंखा, एक रुपयाला एक टोकन. आणि चारपैकी तीन मशिनींवर किंग ऑफ फायटर्स 97. आता तोही क्रॉसओव्हरच, हे मला खूप उशिरा कळलं. एसएनके या गेम कंपनीने आपल्याच वेगवेगळ्या गेममधले लोक, फेटल फ्युरीचा टेरी, आर्ट ऑफ फायटिंगचा र्‍यो, इकारी वॉरियर्सचे ते फौजी, सायको सोल्जरची अथेना, सगळे 1994 मध्ये एका मैदानात सोडले, तीन विरुद्ध तीन. आम्हाला वाटायचं हे सगळे इथलेच. नावंही आम्ही आमची ठेवली होती. चांग म्हणजे गोळेवाला, चोई म्हणजे पंजेवाला, आणि लाल टोपी लाल जॅकेटचा टेरी म्हणजे टोपीवाला. माझा टोपीवाला. बाकी पोट्टे आयोरी नाही तर क्यो घ्यायचे, मी टोपीवाला पहिला, मग उरलेले दोन काही का असेनात.

सुरुवातीला मोड विचारायचा, अ‍ॅडव्हान्स्ड की एक्स्ट्रा. एक्स्ट्रामध्ये जुन्या भागांसारखी उभं राहून पॉवर भरावी लागायची आणि बाजूला सरकून वार चुकवायचा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मारता मारता पॉवर भरायची, तीन साठवता यायच्या, धावता यायचं, लोळता यायचं. पार्लरमध्ये कोणी एक्स्ट्रा घेतला की मागून "अबे काय करून राहिला, टोकन वाया घालवून राहिला" असा आवाज यायचाच. पार्लरमध्ये एक्स्ट्रा घेऊन जिंकणारा मी एकच माणूस पाहिला, तो कॉलेजातला दादा होता, त्याच्याकडेच तो कोड होता.

कोड म्हणजे वेडा आयोरी. कॉम्प्युटरसोबत खेळताना शेवटाकडे आयोरी नाही तर लिओना, ओरोची नावाच्या शेवटच्या खलनायकाच्या रक्ताने बिथरून समोर येते, तसा बिथरलेला आयोरी आपल्यालाही घेता येतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. स्टार्ट दाबून ठेवायचं, लीव्हर डावी-उजवी काहीतरी ठराविक क्रमाने, मग बटणं. पण दादा ते करताना पूर्ण मशीनवर ओणवा व्हायचा, पाठ आमच्याकडे, कोपरं पसरलेली, रुमाल हातावर. स्टार्ट दाबून क्यो निवडला की त्याला जुने डाव मिळतात एवढं तर सगळ्यांना माहीत होतं, हे मात्र कोणालाच नाही. मी त्याला सलग तीन दिवस आलूबोंडा खाऊ घातला, कढीसकट. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर बाण काढून दिले. मी दोन टोकनं घालवली, कोड लागला नाही. चार घालवली, नाही. शेवटी कळलं की माझ्या मशिनीचं सी बटण मेलेलं होतं, आत जाऊन बसलं होतं, नखाने बाहेर काढावं लागायचं. दादाला ते माहीत होतं की नाही हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही.

तर अशा माणसाने भाच्याला शॉर्टकटवरून लेक्चर द्यायचं म्हणजे जरा अवघडच.

लेक्चरचं काम दुसऱ्याच मोडने केलं. स्मॅशडाउन नावाचा मोड आहे, त्यात एकदा वापरलेला फायटर परत कोणालाच घेता येत नाही, हरलेलाही बाद, जिंकलेलाही बाद. पहिल्या फेरीत सॉनिक गेला, दुसरीत पिकाचू, आणि पाचव्या-सहाव्या फेरीला पोरगं त्या यूट्यूबवाल्या चेहऱ्यांपाशी येऊन थांबलं. ऑलिमार घेतला. ऑलिमारला जमिनीतून ते छोटे पिकमिन उपटून आणावे लागतात, नुसती बटणं दाबून काही होत नाही, आणि हा नुसती बटणं दाबत होता. "मामा, हा मारतच नाहीये!" मी हसून हसून सोफ्यावरून खाली. मग उरलेली दुपार त्याने ट्रेनिंगमध्ये एकेकाला घेऊन बघण्यात घालवली, मी काहीच बोललो नाही.

आणि मग स्क्वॉड स्ट्राइक. तीन विरुद्ध तीन किंवा पाच विरुद्ध पाच, एक पडला की पुढचा उतरतो. मी ते बघितलं आणि म्हटलं, अरे हे तर आमचंच आहे! त्याला पार्लर सांगितलं, गोळेवाला सांगितला, टोपीवाला सांगितला. त्याला फारसं काही झालं नाही, पण त्याने फोन काढला, शोधलं आणि म्हणाला, "मामा, तुझा टोपीवाला यात आहे."

"कुठे आहे बे?"

यात आहे म्हणजे, दुकानात आहे. टेरी 2019 च्या नोव्हेंबरमध्ये आला, पहिल्या फायटर्स पासमधला, म्हणजे विकतच्या पहिल्या गठ्ठ्यातला, चौथा. क्लासिकने उघडत नाही, सावली होऊन येत नाही, कोड नाही, दार नाही. साधारण 6 डॉलर. मी हे आधी कधी बघितलंच नव्हतं कारण विकतचे कॅरेक्टर मी रागाने बघतच नाही, 2012 मध्ये स्ट्रीट फायटर एक्स टेकनच्या डिस्कवरच 12 जण कुलूप लावून आधीपासून ठेवले होते आणि नंतर त्यांचेच वेगळे पैसे लावले हे वाचल्यापासून माझं डोकं फिरलेलं आहे. टेरीचं तसं नाही, तो खरंच नंतर बनवला, मेहनत दिसते, हे मान्य. 2024 मध्ये तो स्ट्रीट फायटर 6 मध्येही गेला, तिथेही विकतच. पण 66-67 टोकनांत जो माझा झाला होता त्याच्यासाठी कार्ड काढायचं हे पचत नव्हतं. म्हणजे एक रुपयाही पैसाच होता ना, हे आता लिहिताना लक्षात येतंय. पार्लरवाला काही फुकट खेळवत नव्हता.

कार्ड दोनदा नाकारलं गेलं. ओटीपी आलाच नाही. तिसऱ्यांदा ताईच्या कार्डाने झालं, तिने फोनवर विचारलं, "नक्की कोणासाठी घेताय?" भाचा मोठ्याने म्हणाला, "मामासाठी!"

टेरीसोबत किंग ऑफ फायटर्सचं स्टेडियम येतं, दोन्ही बाजूंना भिंत, जोरात हाणलं तरच भिंत फुटून समोरचा बाहेर जातो. आणि त्याचा क्लासिकचा रस्ता म्हणजे तीन-तीनच्या टीमशी लढाया, नावही किंग ऑफ स्मॅश. पण मी अडकलो ते डावांवर. टेरीचे डाव एका बटणाने निघतात, आणि जुन्या पद्धतीने, खाली-मागे फिरवूनही निघतात, आणि तसे काढले तर जास्त लागतात. आपलं नुकसान शंभर टक्क्यांच्या वर गेलं की खाली गो अशी पाटी चमकते, तेव्हा पॉवर गीझर मारता येतो, खाली, मागे, परत खालच्या कोपऱ्यात, पुढे, पंच. लीव्हर तळहातात धरून केलेलं ते काम आता अंगठ्याच्या टोकाने, शेंगदाण्याएवढ्या त्या काडीवर. पाच वेळा नुसताच टेरी उडी मारून पडला. भाचा म्हणाला, "मामा, बी दाब ना सरळ." सहाव्यांदा जमिनीतून ती पिवळी-निळी ज्वाळा उठली, त्याचा सॉनिक भिंतीतून आरपार, आणि मी जे ओरडलो ते ऐकून आई हातातला कूलरचा पाइप तसाच सोडून आली, बैठकीत पाणी.

तो जाऊन आठवडा झाला. त्याच्या प्रोफाइलवर सगळे उघडले, फक्त एक म्यूटू राहिला, चॅलेंजर्स अप्रोचच्या दारात उभा, त्याला तो आठ-नऊ वेळा हरला होता. स्टेशनवर गाडीत चढताना म्हणाला, "मामा, म्यूटू तू उघडू नको हं, दिवाळीत मी येतो."

हाव म्हटलं.

परवा रात्री लाइट गेली होती, झोप येत नव्हती, स्विचची बॅटरी फुल होती. टेरीनेच हरवला, तिसऱ्या फटक्यात. अजून त्याला सांगितलं नाही.