आमची वाटचाल : नकाशावर जवळ, तारेवर लांब

आमचं काम सांगितलं की लोक म्हणतात, "बस, एवढंच?" एकच साइट मुंबई, लंडन आणि न्यू जर्सीत ठेवलेली, येणाऱ्याला त्यातल्या चपळ सर्व्हरवर धाडायचं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) सांगणारी यंत्रणा. तिच्या उत्तरात कोणता आयपी द्यायचा, यातच सगळी अक्कल आहे.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत सदाशिव पेठेतले वधूवर सूचकवाले काका होते. आखातातली स्थळं तक्रार करायची की फोटो उघडत नाहीत. दुबई मुंबईला जवळ, म्हणून आम्ही मुंबईच देत होतो. आम्ही काकांच्या भाच्याला दुबईहून ट्रेसर्ट (डेटाच्या पाकिटाचा रस्ता दाखवणारी आज्ञा) चालवायला लावला. मधल्याच एका हॉपला (टप्प्याला) राउटरच्या नावात लंडन, आणि मिलिसेकंद एकदम शंभराच्या वर. पाकीट लंडनला वळसा घालून मुंबईत येत होतं! म्हणजे त्या नेटवर्कला लंडनचाच सर्व्हर बरा. तेव्हापासून प्रत्येक पानावर तिन्ही सर्व्हरांकडून एकेक पिक्सेलचं चित्र मागवायचं, लागलेला वेळ नोंदवायचा आणि रिझॉल्व्हरच्या (माणसाच्या वतीने डीएनएसला विचारणा करणाऱ्या सर्व्हरच्या) नेटवर्कप्रमाणे उत्तर ठरवायचं, ही आमची पद्धत.

मग एक स्पर्धक उगवला. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. आयपीवरून देश सांगणारा तयार डेटाबेस घ्यायचा, बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या व्ह्यूजमध्ये (विचारणाऱ्याप्रमाणे वेगळं उत्तर देण्याची सोय) याद्या कोंबायच्या, आणि रंगीत नकाशा दाखवून निम्म्या दरात विकायचं. आमच्या सगळ्यात मोठ्या पोर्टलला तो नकाशा भारी आवडला.

30 जानेवारी 2008 ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या फ्लॅग आणि सी-मी-वी 4 या युरोप-आशिया जोडणाऱ्या इंटरनेट केबल तुटल्या. लंडनचे आकडे फुगले, आमची उत्तरं आपोआप बदलली. त्यांच्या याद्या तशाच ढिम्म. देश काही जागचा हलला नव्हता ना! एवढं होऊनही मार्चमध्ये पोर्टल त्यांच्याकडेच गेलं. निम्मं उत्पन्न गेलं. लंडनचं रॅकभाडं थकलं, पोरांचे पगार अडले. काका रिक्षाने आले, वर्षभराचा आगाऊ चेक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "स्थळं जमवताना मीसुद्धा पत्रिकेवर जात नाही हो, चौकशी करतो." त्यांचं बिल आजही जुन्याच दराने जातं.

पुढची वर्षं बरी गेली. डिसेंबर 2009 मध्ये गूगलचा 8.8.8.8 हा सार्वजनिक रिझॉल्व्हर आला, तेव्हा मात्र डोकेदुखी झाली : माणूस नागपूरचा, पण विचारणा भलत्याच देशातून आल्यासारखी दिसे. रिझॉल्व्हरने ग्राहकाच्या आयपीचा सुरुवातीचा भाग कळवण्याची सोय पुढे आली, 2016 मध्ये आरएफसी 7871 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कारभाराचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून नोंदली गेली. तरी सगळे रिझॉल्व्हर ती वापरत नाहीत.

नवीन पोरांना सांगतो, टीटीएल (रिझॉल्व्हरने उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा) 5 सेकंदांवर आणून शहाणपणा करू नका. तो न जुमानणारे रिझॉल्व्हर आहेतच, वर डीएनएसची उत्तरं देणाऱ्या तुमच्याच नेमसर्व्हरची दमछाक. सर्व्हर हलवायचा असेल तर आदल्या दिवशी टीटीएल उतरवा. आणि पिंगला ("आहेस का?" या हाकेला) उत्तर आलं म्हणजे सर्व्हर जिवंत, असं समजू नका. डेटाबेसला हात लावणारं पान तपासा.

मध्यंतरी त्याच स्पर्धकाने "मोजमापावर आधारित" नवं प्रॉडक्ट दाखवलं. मी पुढच्या रांगेतून विचारलं, "रिझॉल्व्हर मुंबईत आणि माणूस मस्कतला असला तर?" साहेब म्हणाले, नंतर बोलू. मी कार्ड दिलंय. अजून फोन नाही.