माउली, टाळ धरा

दारूच्या नशेत कुणीतरी हात उगारला आणि घरातलं माणूस गेलं, अशा घरांतले काही वारकरी दिंडीत सोबत असतात. त्यांच्या शेजारून आळंदी ते पंढरपूर चालताना जे कळलं, ते हे.

निघण्याआधी कागद बघावे. फिर्यादीची (एफआयआरची) प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते, ती घरी सापडेल अशी ठेवावी. साक्षीचं समन्स वारीच्या दिवसांत येतंय का, हे सरकारी वकिलांना विचारावं, कारण गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकतं. नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो, चौकशीला १५१०० हा क्रमांक आहे. ‘शुद्धीत नव्हता, म्हणून सुटेल’ ही धास्ती जवळपास प्रत्येकाला असते. भारतीय न्याय संहितेत स्वतःहून प्यायलेल्या दारूची नशा हा बचाव नाही. पण जीव घेण्याचा हेतू होता का, यावर वाद होतो आणि खुनाचं कलम सदोष मनुष्यवधावर, म्हणजे खुनापेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यावर, येऊ शकतं. हे आधीच माहीत असलेलं बरं. निकालाच्या दिवशी अचानक कळलं तर दुसरा घाव बसतो.

सगळे पुणे ते सासवड या टप्प्याला घाबरतात, कारण अंतर मोठं आणि मध्ये दिवे घाट. पण घाटात दुःख सहसा आवरलेलं असतं, पायांना आणि श्वासाला काम असतं. माणूस कोसळतं ते सासवडच्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी, पाय थांबले की. म्हणून त्या दिवशी भाजी निवडायला, पाणी भरायला त्यांना आपल्याजवळ बसवतो. झोपायची जागा तंबूच्या कडेला देत नाही. रात्री रस्त्यावरून कुणी बरळत गेलं, दारूचा वास आला, की तो प्रसंग जसाच्या तसा समोर उभा राहतो. मग उठून बसावं, तळवे जमिनीला टेकावेत, श्वास सावकाश सोडावा आणि मोठ्याने म्हणावं, ‘आपण सासवडला आहोत, तंबूत आहोत.’ तीन-चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तर वाटेवरचं वैद्यकीय पथक गाठावं किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावावा. जीव द्यायचे किंवा घ्यायचे विचार येत असतील, तर क्षणभरही एकटं सोडू नये.

चालताना त्यांच्या हातात टाळ देतो. दोरी बोटांना गुंडाळलेली, वाटी वाटीवर आपटलेली. आरोपीचं नाव निघालं की मूठ आवळते, आणि अभंगाचा ठेका धरायचा तर ती सैल करावीच लागते. राग जात नाही, पण त्याला लय मिळते. सुरुवातीला ताल चुकतो, चुकू द्यावा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते बोलण्याने. ‘पांडुरंगाची इच्छा’, ‘माफ करा, मन हलकं होईल’, ‘दारूने केलं हो, माणूस तसा वाईट नव्हता.’ मायेपोटी म्हटलं तरी हे म्हणू नये. माफी मागायला आरोपीच आलेला नाही, मग ती देण्याची घाई यांच्यावर का लादायची? त्यापेक्षा गेलेल्या माणसाचं नाव घेऊन विचारावं, त्यांना काय आवडायचं?

पंढरपुरात रांग अंगाला झेपत नसेल, तर कळसदर्शन पुरेसं आहे. खरी काळजी परतीची. पौर्णिमेच्या काल्यानंतर दिंडी पांगते, आणि ती माणसं त्याच घरात, त्याच उंबऱ्याशी परततात. पहिले आठ दिवस रात्री सोबतीला कोण झोपणार, हे आम्ही पंढरपूरच्या आधीच्या मुक्कामी, वाखरीतच ठरवून घेतो.