डिकीत काय होतं?

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाण्यात अडकलेल्या माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, भिजून कुबट झालेलं कार्पेट दोन बोटांनी उचलून पाहिलं, फोटो काढले. मला वाटलं, आता इंजिनाचं विचारणार. त्याने विचारलं, "मॅडम, डिकीत काय होतं?"

"डेमो किट. आणि माझ्या पावसाळी चपला."

त्याने लिहून घेतलं. मी सुटकेचा श्वास सोडला, पण का सोडला ते मला तेव्हा नीट कळलंही नव्हतं.

मी पॅथॉलॉजी लॅबना मशीन लावून देते, शिकवते, बिघडलं की धावते. राहते मुलुंडला. फिरणं पनवेलपासून बोरिवलीपर्यंत, स्वतःच्या वॅगनआरने. कंपनी तेव्हा किलोमीटरला नऊ रुपये द्यायची. नोकरी लागली तेव्हा हा आकडा मला चक्क फायद्याचा वाटला होता! शहरातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी लिटरला पंधरा देते, पेट्रोल शंभरीपार, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. वर दोन रुपये खिशात.

हे दोन रुपये कुठे जातात ते गेल्या वर्षी एका रविवारी वहीत मांडलं. चार टायर सोळा हजारांचे, चाळीस हजार किलोमीटर चालतात, म्हणजे चाळीस पैसे. सर्व्हिसिंग साठ पैसे. विम्याचे वर्षाचे नऊ हजार, रनिंग बारा हजार किलोमीटर, पंचाहत्तर पैसे. झाले पावणेदोन. उरले पंचवीस पैसे. आणि गाडीची किंमत वर्षाला साधारण चाळीस हजारांनी उतरते, ती किलोमीटरला सव्वातीन रुपयांच्या वर जाते. थोडक्यात, प्रत्येक किलोमीटरमागे मीच कंपनीला तीन रुपये देत होते. हे नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मग ट्रेनने जा." डेमो किटची सव्वीस किलोची पेटी घेऊन, सकाळी साडेआठला, मुलुंडहून. जा म्हणे.

तर त्या दिवशी. सकाळी सायनच्या एका लॅबला रिएजंटचे, म्हणजे तपासणीच्या रसायनांचे, दोन खोके पोचवले, कारण कुरिअर अडकला होता आणि आमचे साहेब म्हणाले, "तू तिकडूनच जातेस ना?" तिथून परळला निघाले आणि हिंदमाताला पाणी. पुढची टॅक्सी गेली म्हणून मीही घातली. मधोमध गाडी बंद.

साहेबांना फोन केला. "जरा चावी मारून बघ ना, तिकडे मशीन बंद आहे, पेशंट थांबलेत."

चावी मारली नाही, आणि याचं सगळं श्रेय आमच्या विमा एजंट काकांना. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर काकांनी कितीतरी इंजिनं उघडलेली पाहिली. दर पॉलिसीच्या वेळी ते तेच ऐकवतात: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायची नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विमा कंपनी म्हणते, हे पुराने नाही, तुम्ही चावी मारल्याने झालं. जादा पैसे भरून घ्यायचं इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी. मी ते काही शे रुपये वाचवायला घेतलं नव्हतं. नऊ रुपयांत ते कुठे बसवणार?

गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलली, टोइंगने भांडुपला आणली. इंजिन वाचलं. कार्पेट, वायरिंग, बॅटरी, एक-दोन सेन्सर गेले. क्लेम मंजूर झाला, पण बॅटरीवर आणि प्लास्टिकच्या भागांवर वापरून जुने झाले म्हणून पन्नास टक्के घसारा कापला, वर एक हजाराचा सक्तीचा वाटा माझा. शिवाय क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे ४५ टक्क्यांवर आलेला नो क्लेम बोनस, पुढच्या वर्षी शून्य.

रात्री पॉलिसीचं पीडीएफ उघडलं. वापराच्या मर्यादा म्हणून एक तुकडा असतो, तो मी सात वर्षांत वाचला नव्हता. खासगी गाडी कुठल्याही कामाला चालते, फक्त भाड्याने नाही, शर्यतीला नाही आणि मालवाहतुकीला नाही. कंसात लिहिलेलं: नमुने आणि वैयक्तिक सामान वगळून. म्हणजे डेमो किट चालतं. गिऱ्हाइकाला पोचवायचे रिएजंटचे खोके हा माल. हिंदमाताऐवजी सायनच्या अलीकडेच पाणी लागलं असतं तर सर्व्हेअरला मी काय उत्तर दिलं असतं?

काकांना घाबरत विचारलं की कंपनी किलोमीटरचे पैसे देते, ते भाडं तर नाही ना. म्हणाले, "नाही गं, तुझ्याच कामाला तूच जातेस. भाडं म्हणजे दुसऱ्याला बसवून पैसे घेणं." मग आमच्या ऑफिसातल्या मुलाबद्दल विचारलं, तो वडिलांच्या नावावरची गाडी चालवतो. सक्तीचा अपघात विमा १५ लाखांचा असतो, पण तो गाडी ज्याच्या नावावर त्या मालकाचा, दुसऱ्या चालवणाऱ्याचा नाही. मुलाला वाटत होतं तो विमा आपलाच आहे.

बोनस गेल्याची भरपाई मी अकाउंट्सकडे मागितली. तिथल्या ताई प्रेमळ आहेत. म्हणाल्या, "अगं, हे कुठल्या हेडखाली टाकू?" आणि थोड्या वेळाने, "गाडी तुझीच ना?" कंपनीचा ग्रुप विमा आहे, पण तो माझ्या हाडांचा. बंपरचा नाही.

आता रोजचं लॉगबुक ठेवते: तारीख, कुठून कुठे, ओडोमीटर, खर्च. मॅपचे सरळ किलोमीटर लावायचे नाहीत यावर भांडून झालं. पुलाखालून वळसा घालायला लावतात ते किलोमीटर कोण चालवतं? या नोंदींचा टॅक्सलाही उपयोग होतो, ऑफिसच्या कामाचे पैसे पगारात मिसळत नाहीत. अटल सेतूची टोल पावती मात्र पहिल्यांदा परत आली होती, "वाशीवरून टोल नाही ना आता" असा शेरा मारून. २०२४ च्या ऑक्टोबरपासून छोट्या गाड्यांना मुंबईच्या नाक्यांवर टोल नाही हे खरं, पण वाशीवरून पनवेलला गेले असते तर दीड तास उशीर झाला असता, हे मी उत्तरात लिहिलं. पास झाली.

रेट साडेदहा झाला. खोके कुरिअरने जातात, असा मेल साहेबांकडून लेखी घेतलाय. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता, "एकच छोटा खोका आहे गं." मी तो मेल त्यांनाच फॉरवर्ड केला.