पकडीचे नऊ आठवडे: ७० वरून ८४ मीटर

नऊ आठवड्यांपूर्वी डिस्क गोल्फमधली (तबकडी फेकून टोपलीत टाकायचा खेळ) माझी बॅकहँड ड्राइव्ह, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन केलेली लांब फेक, ७० मीटरपाशी येऊन अडकली होती. आता त्याच मैदानात, त्याच १६८ ग्रॅमच्या फेअरवे ड्रायव्हरने (लांब फेकीची, पण थोड्या अरुंद कडेची डिस्क) ८४ मीटर येतात. रन-अप बदलला नाही, खांद्याचं वळणही तेच आहे. या काळात काम केलं ते फक्त पकडीवर, म्हणून ही नोंदही पकडीचीच.

मोजते कशी ते आधी सांगते. दर खेपेला वीस फेकी, त्या लांबीनुसार लावायच्या आणि मधल्या दोघींची सरासरी लिहायची. सगळ्यात लांबची फेक मी धरत नाही. वारा असेल तर त्या दिवशी आकडाच लिहीत नाही. डिस्क गोल्फपटू डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेकली, तीही पाठीमागून जोरदार वारा असताना. वारा एवढी मदत करत असेल तर त्या दिवशीचा आकडा माझ्या पकडीबद्दल काहीच सांगणार नाही.

पहिले दोन आठवडे मी उलट्या वाटेने गेले. ताकद हवी म्हणजे घट्ट धरायचं, असा माझा समज. पॉवर ग्रिपमध्ये चारही बोटं रिमखाली (डिस्कच्या जाड कडेखाली) वळवून डिस्क मागे नेतानाच सगळा जोर लावायचे. आकडा ७० वरून ६६ वर आला आणि कोपराखाली हात ठणकायला लागला. कारण साधं आहे. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू हाताच्या पंजात नसून कोपर आणि मनगटाच्या मधे असतात आणि त्यांचे कंडरे मनगटावरून जातात. मूठ आवळली की मनगटही जखडतं. आत्ता मूठ घट्ट करून मनगट झटकून बघा, मग सैल सोडून झटका. फरक लगेच कळेल. डिस्कला शेवटचा वेग ज्या फटकाऱ्यातून मिळतो, तोच मी स्वतः अडवत होते.

तिसऱ्या आठवड्यापासून डिस्क मागे नेताना पकड सैल ठेवली, हातातून निसटणार नाही इतपतच. डिस्क छातीसमोरून पुढे निघाली की मग आवळायची. हे जमायला वेळ लागला, कारण त्या क्षणी विचार करायला सवडच नसते. मला उपयोगी पडलं ते उभ्या जागेवरून, रन-अप न घेता, अर्ध्या जोरात फेकणं. दिवसाला तीस फेकी. उशिरा आवळण्याच्या नादात बऱ्याच डिस्क वेळेवर सुटल्याच नाहीत आणि पार उजवीकडे गेल्या. हाच ग्रिप लॉक. तो आला की मी जोर कमी करायचे, पकड नाही.

पण आवळायचं नेमकं कुठे? माझ्या मते सगळा खेळ इथे आहे. डिस्क हातातून सुटते तेव्हा ती तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमट्याभोवती फिरत बाहेर पडते. तो चिमटा जितका पक्का, तितकी ती उशिरा आणि जोरात सुटते, आणि फिरकीही जास्त मिळते. माझ्या तर्जनीचं टोक रिमच्या आतल्या भिंतीला टेकतच नव्हतं, बोट नुसतं खाली आडवं पडलेलं असायचं. अंगठाही कडेवर लोळत होता. आता टोक आतल्या कोपऱ्यात रुतवते आणि अंगठ्याचा फुगीर भाग बरोबर त्याच्या वर, डिस्कच्या पाठीवर. तपासायचं असेल तर डिस्क धरून समोरची कड दुसऱ्या हाताने ओढा. चिमटा नीट असेल तर ती घसरत येत नाही, टक्‌ असा आवाज करत सुटते.

इथेच रुंद रिमचा ड्रायव्हर बाजूला ठेवला. नियमात रिम २.६ सेंटीमीटरपर्यंत चालते, पण माझी बोटं लहान आहेत. २.३ च्या रिमवर टोक आत पोचतच नाही. फेअरवे ड्रायव्हरच्या १.७ वर पोचतं. ज्यांची बोटं लहान आहेत त्यांनी हे एकदा करून पाहावंच. जास्त वेगाची डिस्क म्हणजे जास्त लांबी, हा हिशेब हातात नीट बसणाऱ्या डिस्कलाच लागू पडतो.

पाचव्या आठवड्याअखेर ७५. मग पुन्हा अडकले. मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं की डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर आहे. ती चढायची, हवेत थांबायची आणि डावीकडे कोसळायची. यावरही उपाय पकडीतच निघाला. हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसं मनगट अंगठ्याच्या बाजूने जरासं खाली झुकवलं आणि फेकताना कुलपात किल्ली फिरवावी तसा तळहात किंचित वळवला. पहिल्या काही फेकी समोरच्या गवतात घुसल्या. नंतर मात्र डिस्क जमिनीलगत, सपाट, लांबवर जायला लागली. १४ पैकी ९ मीटर या एका बदलाचे आहेत, आणि त्यात ताकद अजिबात वाढलेली नाही.

बाकी किरकोळ. तर्जनीच्या टोकाला घट्टा पडलाय. हात ओले असले तर चिमटा टिकत नाही, म्हणून प्रत्येक फेकीआधी हात आणि रिम दोन्ही पुसते. पटिंगला, म्हणजे टोपलीत टाकायच्या जवळच्या फेकीला, फॅन ग्रिपच (बोटं डिस्कखाली पसरून धरायची पकड) ठेवलीय, तिथे जोर नको असतो.

अजून सुटलेलं नाही ते असं. पटर (जवळच्या फेकीची डिस्क) पूर्ण जोरात फेकला की पहिले दहा-बारा मीटर तो थरथरतो, दोरी नीट न गुंडाळता सोडलेल्या भोवऱ्यासारखा. ड्रायव्हर हा दोष झाकतो, पटर झाकत नाही. म्हणजे हात आणि डिस्क अजून एका पातळीत चालत नाहीत. करंगळी रिमला खाली ओढत असावी असा संशय आहे. पुढचे दोन आठवडे करंगळी सैल ठेवून फक्त पटर फेकणार आहे. पटरचा सध्याचा आकडा ५१ मीटर.