भिंतीवरचा तो फोटो डॉल्फींचा आहे

घरी नवीन माणूस आलं की चहा येईपर्यंत त्याची नजर भिंतीवरून फिरते. आजोबा, आई-बाबा, आणि त्यांच्या शेजारी वर्तमानपत्रातून कापून फ्रेम केलेला एक परका, हसरा चेहरा. "हे कोण? तुमचे बोटीवरचे साहेब का?" हा प्रश्न ठरलेला. साहेब नव्हेत. ते डॉल्फी, फिलिपिन्सचे विनोदी नट. १० जुलै २०१२ ला गेले. दर वर्षी त्या तारखेला मी त्या फोटोला हार घालतो. कोण कुठला नट आणि त्याला हार कशासाठी, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी एकवीस वर्षं बोटीवर फिटर होतो. आमच्या रत्नागिरीकडची पोरं जशी बापामागून बोटीवर जातात, तशीच फिलिपिन्सची. माझ्या पहिल्या बोटीवर खालच्या क्रूमध्ये आम्ही दोघेच मराठी, बाकी सगळे ते. न्याहारीला भात आणि सुका मासा खाणारी माणसं, त्यामुळे पंगतीला लगेच जमलं. गप्पांचं मात्र जमेना. ते आपसात टागालोग बोलायचे आणि हसायचे, आम्ही दोघे ताटात बघत बसायचो.

बोसनच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, बायकोने टीव्हीवरची एक मालिका टेप करून कॅसेटी पाठवल्या होत्या. 'होम अलाँग दा रिलेस'. १९९२ पासून २००३ पर्यंत चाललेली. रुळांना लागून असलेल्या घरात पोरांना वाढवणारा बाप म्हणजे डॉल्फी. गाडी आली की सगळं घर थरथरतं, आणि बोलता बोलता सगळ्यांचे हात फळीवरची भांडी धरायला जातात. गाडी गेली की अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू. ज्याने मुंबईत रुळांकडेची घरं पाहिली आहेत त्याला हे समजायला दुभाष्या कशाला? मी हसलो. बोसनने वळून माझ्याकडे बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली.

समुद्र खवळला की मेसच्या टेबलावर ओली चादर घालतात, ताटं सरकू नयेत म्हणून. तरी बोट कलंडली की सरकतातच. मग कोणीतरी ओरडायचं, "ट्रेन!" आणि दहा-बारा हात एकदम ताटांवर. पुढे मीसुद्धा ओरडायला लागलो.

डॉल्फींविषयी ऐकलं ते तुकड्यातुकड्यांनी, रात्रपाळीत. खरं नाव रोडोल्फो वेरा किझॉन. जन्म १९२८ चा, मनिलातल्या तोंदोचा. तोंदो म्हणजे बंदराला लागून असलेली गरिबांची वस्ती. वडील बोटींवर मेकॅनिक! हे कळलं त्या दिवशी मला काय वाटलं ते एखाद्या फिटरलाच कळेल. पोरवयात थिएटरात शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया विकायचे, म्हणजे खेळ फुकट बघायला मिळायचा. बूटपॉलिश केलं, धक्क्यावर हमाली केली. जपानी अंमलात रंगमंचावर नाचायला उभे राहिले, आणि तिथून पुढची साठ-पासष्ट वर्षं लोकांना हसवत राहिले.

१९७३ ला त्यांची 'जॉन एन मार्शा' ही टीव्हीवरची मालिका सुरू झाली, १९९० पर्यंत चालली. गरीब जॉन म्हणजे डॉल्फी, श्रीमंत घरातली बायको, आणि उठताबसता जावयाची गरिबी काढणारी सासू. तिचं एक वाक्य सगळ्या देशाला पाठ आहे: "म्हणून सांगते, जॉन, कष्ट कर!" इंजिनरूममध्ये साहेब ओरडून गेले की ऑइलर माझ्या कानाशी येऊन तेच म्हणायचा, "मागसुमिकाप का!" अंगातला राग तिथेच उतरायचा.

आम्ही सगळे बापच होतो हो. वर्षातले नऊ-नऊ महिने पोरांपासून लांब. पैसे पाठवायचे आणि पोर मोठं झालेलं फोटोत बघायचं. डॉल्फींचा तो रुळांकडेचा बाप पडद्यावर चुकायचा, फजित व्हायचा, पण संध्याकाळी पोरांबरोबर जेवायला बसायचा. मेसमध्ये हसता हसता माणसं गप्प व्हायची ती तिथे. १९७८ च्या एका सिनेमात, दिग्दर्शक लिनो ब्रोका यांच्या, डॉल्फींनी पदरात पडलेलं पोर वाढवणारा समलिंगी माणूस केला. नावाचा अर्थच 'माझे बाबा, माझी आई'. बायकी हावभाव करून हशा घेणं त्यांना नवीन नव्हतं, आधी कितीदा केलं होतं. पण त्याच माणसात आईबाप दोन्ही दाखवायला फार मोठं काळीज लागतं. माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात मोठं काम.

ते काही देव नव्हते. मुलं अठरा, तीही वेगवेगळ्या बायकांपासून. आमचा बोसन कट्टर चर्चवाला, त्याला ते पटायचं नाही. पण त्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला मेरीमातेच्या खाली फोटो डॉल्फींचाच. २०१० ला राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मोठा सन्मान दिला. 'राष्ट्रीय कलाकार' हा किताब मात्र हयातीत मिळाला नाही. रडवणारा तेवढा कलावंत आणि हसवणारा नुसता करमणूक करणारा, हा हिशेब मला कधीच मान्य झाला नाही.

ते गेले तेव्हा आम्ही अरबी समुद्रात होतो. जुलैचा पावसाळा, बोट नुसती लोळत होती. सॅटेलाइट फोनवरून कुणाच्या तरी बायकोने सांगितलं. त्यांच्या सरकारने १३ जुलै हा दिवस त्यांच्या आठवणीचा म्हणून जाहीर केला. आमच्या मेसमध्ये जाहीर करायला कोणी नव्हतं. कुकने एक ताट जास्त वाढून टेबलाच्या टोकाला ठेवलं, त्यावर उपडा ग्लास. कोणी काही बोलेना. आणि बोट कलंडली. ओल्या चादरीवरून ताटं निघाली. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा मीच ओरडलो, "ट्रेन!"

सगळ्यांनी आधी ते टोकाचं ताट धरलं.